छपरावर उतरलेलं पाखरू

"पंख घट्ट बांध, पण मुडपू नगंस," आप्पा म्हणाले. "उगं दुखवायचं न्हाई त्येला."

मी काजळीला मांडीत घेऊन बसले होते. बाहेर हातगाडीवर आमचा संसार चढत होता. भांड्यांची पोती, गाद्या, देव्हारा, आईचं शिवणयंत्र. आणि आत, रिकाम्या झालेल्या सोप्यात, आम्ही बापलेक कबुतरांचे पंख बांधत बसलो होतो. आई दोनदा येऊन बोलून गेली. "लोक घर बदलताना आधी देव आवरत्यात. हितं बघा, काय चाललंय!" आप्पांनी मान वर केली नाही.

आम्ही कोष्टी. इचलकरंजीत गावभागात आमचं घर, आणि घरामागे काकांचे आणि आप्पांचे सामाईक माग. पंख बांधायला दोराही मागावरच्या सुताचाच. एका पिसाच्या देठाला दोन वेढे देऊन आप्पा गाठ मारायचे आणि मग तोच दोरा बाकीच्या मोठ्या पिसांभोवती फिरवायचे. ती गाठ तुटलेलं सूत सांधायची. मोहरीएवढी, बोटाला लागायची नाही आणि ओढली तर आणखी आवळायची. आमच्या घराबाहेर तशी गाठ मी कुणाच्या हातून पाहिली नाही. मला ती आप्पांनी शिकवली होती आणि मला तिचा फार तोरा होता.

कबुतराचं घर बदलणं म्हणजे माणसाचं घर बदलण्यासारखं सोपं काम नाही. माणूस शिव्या देत का होईना, नव्या जागी राहतो. गिरेबाज, म्हणजे उंच उडवायच्या जातीचं पाखरू मोकळं सुटलं की आकाशात दोन घिरट्या घेतं आणि सरळ जुन्या छपरावर जाऊन उतरतं. त्याला पाच कोसांवर नेऊन सोडा, तरी तेच. म्हणून नव्या जागी पंख बांधून ठेवायचं. तिथं त्यानं जोडा जमवला, काड्या गोळा केल्या, अंडी घातली आणि पिल्लं फुटली, की मग दोरा काढायचा. पिल्लं जिथं, तिथं त्याचं घर. तोवर धीर धरायचा.

काजळी माझी होती. पिल्लू असताना छपरावरच्या ढाबळीतून, कबुतरांच्या खुराड्यातून, खाली पडली, आईबापांनी टाकली, तेव्हा मी भिजवलेले हरभरे चावून चावून तिला भरवले. पांढरी स्वच्छ, डोळ्यांभोवती काळी कड, आणि डाव्या पंखात एकच काळं पीस. मी मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसले की खांद्यावर येऊन बसायची. यंत्राच्या खडखडाटाला माणसं वैतागतात, ती डुलक्या काढायची.

घर का सोडलं, ते सांगायला हवं. वाटणी. थोरल्या काकांना राहतं घर आणि माग, आप्पांना गावाबाहेरच्या माळावरचा प्लॉट आणि त्यावरच्या दोन खोल्या. आप्पांनी तेही मुकाट्यानं घेतलं असतं. पण काकूला छपरावरची ढाबळ सलत होती, पापड वाळत घालायला जागा नाही म्हणून. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी काकांनी पहार घेतली आणि ढाबळ पाडली. पाखरं आत असताना. आप्पा शिडीवरून वर धावले. खाली सगळी गल्ली जमली होती. दोघे भाऊ छपरावर उभे राहून एकमेकांना काय काय बोलले, ते मी इथं लिहीत नाही. शेवटी काका म्हणाले, "ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नगंस." आणि आप्पा म्हणाले, "तुझ्या हातचं पाणी पिलो तर बापाचं नाव लावणार न्हाई." बाप दोघांचा एकच, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माळावर आलो. आमच्या न्हाणीला अजून दार नव्हतं, पण ढाबळ तयार होती. आईनं दूध उतू घालायला चुलीवर ठेवलं तेव्हा आप्पा जोंधळे टाकत होते. आईनं कपाळाला हात लावला आणि मला हसू आलं. त्या घरात मी हसले ती आठवण तेवढीच.

पाखरं रुळायला लागली. काजळीनं एक करड्या रंगाचा नर धरला. बांधल्या पंखानं ती अंगणात फडफडत चालायची, कुठून तरी खराट्याची काडी चोचीत धरून आणायची आणि ढाबळीच्या कोपऱ्यात ठेवायची. एक काडी ठेवली की माझ्याकडे वळून बघायची. चारदोन दिवसांत अंडी घातली असती.

आणि तेव्हाच बातमी आली की थोरल्या काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मागावर उभे असताना खाली बसले ते उठलेच नाहीत. तोंड वाकडं झालं, बोलणं फाटलं.

आई म्हणाली, "जाऊन या. भाऊ हाय."

"त्यानं उंबऱ्याला पाय लावू नगंस म्हटलंय," आप्पा म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आमच्याकडे अर्धांगवायूवर कबुतराचं औषध करतात. रक्त अंगाला चोळायचं आणि रस्सा पाजायचा. खरं-खोटं वैद्याला माहीत. मी मात्र लहानपणापासून एवढंच पाहिलं होतं की असं पाखरू मागायला कुणी दारात आलं की आप्पा त्याला शिव्या घालून हाकलायचे. एकदा एका कारखानदाराचा माणूस गाडी घेऊन आला होता. "माझी पाखरं औषधाला न्हाईत," आप्पा म्हणाले आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. म्हणून माझ्या मनात तसला काही विचार आलाच नाही. यायचं कारणच नव्हतं.

बाजारच्या दिवशी मी आणि आई भाजी घेऊन परत आलो, तर ढाबळीचं दार उघडं. आत एकही पाखरू नाही. आप्पा अंगणात बसून आभाळाकडे बघत होते.

"आप्पा, पाखरं?"

"गेली."

"गेली म्हंजे? पंख तर बांधल्यात!"

"दोरं सैल झालं असतील. माझीच चूक. दार उघडलं आन सगळी उठली."

माझ्या हातातली पिशवी तिथंच पडली. "काजळीबी?"

त्यांनी परत आभाळाकडे मान केली. मी चपला घालायला लागले. कुठं गेली असतील ते शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

"कुठं निघालीस?" आप्पा उठून दारात आडवे झाले. "बस खाली. त्येच्या छपरावर उतरली ती त्येची. कबुतरवाल्याच्या घरात वाढलीस आन एवढं कळंना?"

कायदा मला पाठ होता. दुसऱ्याचं पाखरू आपल्या छपरावर उतरलं की ते आपलं. त्यानं मागायला यायचं नाही आणि आपण परत द्यायचं नाही. खुद्द आप्पांच्या ढाबळीत निम्मी पाखरं अशीच आलेली होती. पण हा कायदा कबुतरवाल्यांचा. ज्यानं पहारीनं ढाबळ पाडली, त्याला कसला आलाय कायदा?

"ते कवा कबुतरवालं झालं?" मी ओरडले.

"आवाज खाली," आप्पा म्हणाले. "माझ्या शबुदाबाहेर गेलीस तर बघ."

एक दिवस मी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशीही पाळला. आप्पा दुसऱ्याच्या मागावर मजुरीला, आई पाण्याला, आणि मी ढाबळीसमोर. कोपऱ्यात काजळीच्या काड्या तशाच होत्या. तिसऱ्या दिवशी आप्पा कामावर गेले आणि मी बापाचा शब्द मोडला.

जुन्या घराच्या परसात काकू तांदूळ निवडत बसली होती. भिंतीकडेला डालगं पालथं घातलेलं, त्यावर पाटा. डालग्यातून घुमण्याचा आवाज येत होता. माझ्या जिवात जीव आला.

"काकू, आमची पाखरं द्या."

"तुमची कुठली?" तिनं सुपातनं मानही वर केली नाही. "आमच्या छपरावर उतरली. तुझ्या बापाचाच कायदा न्हवं?"

"तुम्ही तर ढाबळ पाडलीसा!"

"ढाबळ पाडली. छप्पर हाय की जाग्यावर."

"कशाला पायजेत तुम्हाला? पापडावर शिटत्यात म्हनून तर—"

"वैद्यानं सांगितलंय," ती म्हणाली, आणि तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे रडून सुजलेले होते. "रोज एक."

आतल्या खोलीत काका खाटेवर पडलेले दिसले. उशीवर लाळेचा डाग होता. त्यांनी माझा आवाज ओळखला असावा, कारण घशातून काहीतरी आवाज काढला. मला त्यांची दया आली नाही. खरं तेच सांगते. मला एवढंच कळलं की 'रोज एक' म्हटल्यावर आजवर तीन झाली.

मी पाटा ढकलून दिला आणि डालगं उचललं. पाखरं फडफडून वर गेली. काकू किंचाळली. मी आभाळाकडे बघत होते. त्यांनी एक घिरटी घेतली, दुसरी घेतली. मी मनात म्हणत होते, जावा, माळाकडं जावा, मागं वळून बघू नगा. तिसरी घिरटी घेऊन ती खाली आली आणि ओळीनं छपरावर बसली. ढाबळ पाडली होती, तिथं नुसतं चार विटांचं जोतं उरलं होतं. बरोबर त्यावर.

मी खडे उचलले आणि माझ्याच पाखरांना मारायला सुरुवात केली. "जावा! मरायला बसलासा काय हितं? जावा!" खडा बसला की ती हातभर उठायची आणि परत तिथंच बसायची. एक तर उठलंही नाही. त्यानं नुसती मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. ही बाई आपल्याला रोज जोंधळे टाकते, आज असं काय करते, असं त्याला वाटलं असेल.

"पुरं कर," काकू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. "त्यांचं घर हेच हाय. तू काय करशील आन मी काय करीन?"

त्यांच्यात काजळी नव्हती. मी उकिरड्याकडे वळले. राखेवर पिसं पडली होती. एक पंख अख्खाच्या अख्खा. पांढरा, आणि मधे एक काळं पीस.

तो पंख हातात घेऊन मी भर बाजारातून माळापर्यंत चालत आले. लोक बघत होते. बघू देत. वाटेत मी काकांना घातल्या नाहीत अशा शिव्या मराठीत शिल्लक नसतील.

आप्पा दुपारच्या जेवणाला घरी आले होते. मी पंख त्यांच्या ताटाशेजारी आपटला.

"घ्या. तुमच्या कायद्यानं खाल्ली माझी काजळी. रोज एक शिजवत्यात. आन तुम्ही हितं भाकरी खाताय!"

आप्पांचा हात थांबला. आई मला मागे ओढायला लागली. मी तिचा हात झिडकारला, पंख परत उचलला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. "बघा की! बघा, डोळं भरून बघा!"

आणि माझंच लक्ष गेलं.

काळ्या पिसाच्या देठाला दोरा होता. दोन वेढे आणि त्यावर गाठ. मोहरीएवढी, घट्ट, आवळलेली. दोरा सैल झाला असता तर गाठ निसटली असती. पाखरानं ओढून तोडला असता तर टोकाला तंतू सुटले असते. सुतात जन्म गेलेल्या घरात हे कुणी शिकवावं लागत नाही. टोक सरळ होतं. कात्रीचं.

"आप्पा," मी म्हणाले, "दोरा कापलाय."

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तुम्ही कापलासा."

आईनं तोंडावर पदर घेतला. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"दादा माझ्याजवळ मागणार न्हाई," आप्पा म्हणाले. ते ताटाकडे बघत बोलत होते. "मेला तरी मागणार न्हाई. आन मी नेऊन दिलं तर घेणार न्हाई. छपरावर उतरलेलं घ्यायला कुनाचं उपकार लागत न्हाईत."

"मग एक सोडायचं! दोन सोडायची! सगळी कशाला?"

"एकदोन गेली असती तर त्येला वास लागला असता. धाकट्या दत्तूनं, म्या धाडली म्हनून टाकून दिली असती. सगळी गेली तर चूक वाटती."

"आन काजळी? ती माझी व्हती. मला इचारलासा?"

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

"न्हाई!"

"म्हनून न्हाई इचारलं," आप्पा म्हणाले, आणि ताट बाजूला सारून उठले.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाणी विचारलं की पाणी द्यायचं, हाक मारली की जायचं, एवढंच. त्यांनीही कधी विषय काढला नाही. पाखरं एकेक करून संपली. ढाबळीत आईनं सरपण भरलं. कोपऱ्यातल्या काड्या मी तिला काढू दिल्या नाहीत. आईही जिद्दीची, तिनं त्यांच्यावरच लाकडं रचली.

काका बरे झाले. पुरते नाही, पण काठी घेऊन चालायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, एक माणूस रोज येऊन हात-पाय हलवून घ्यायचा. पण त्याचं नाव कुणी घेतलं नाही. गावभर एकच झालं, गणूअण्णा कबुतरांनी उठला.

पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मांडव माळावरच्या घरापुढे पडला. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि मांडवाच्या तोंडाशी गलका उठला. काठी टेकत थोरले काका आले होते, मागे काकू. ज्यानं उंबरा बंद केला होता, तो आमच्या उंबऱ्यात उभा होता. आप्पा पंगतीत वाढत होते. त्यांच्या हातातलं पातेलं दुसऱ्या कुणीतरी धरलं म्हणून वाचलं.

दोघांपैकी कुणी कुणाशी बोललं नाही. काका तसेच माझ्यासमोर आले. आईनं माझ्या कमरेला चिमटा काढला. "वाक. पाया पड."

मी ताठ उभी राहिले.

काकांनी उजवा हात उचलला. तो थरथरत होता, पण उचलला, आणि बायका 'बाई बाई' करायला लागल्या. तो त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "सुखात ऱ्हा, मालन," ते जडसर जिभेनं म्हणाले. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमची पाखरं आपसूक आली म्हनून हा हात उठतोय. देवच पावला बघ."

आप्पा लांबून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनवणी होती. वर्षभरात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती, आणि मी ती दिली नाही. का द्यावी? मला कुणी विचारलं होतं?

"देव न्हाई पावला, काका," मी म्हणाले. "आप्पांनी पंखाचं दोरं कापलं. मुद्दाम."

पंगतीतले घास हातातच राहिले. मला वाटलं, आता काका हात काढून घेतील, काठी उचलतील आणि न जेवता चालते होतील. तसं व्हावं असं मला वाटत होतं.

काकांनी हात काढला नाही. "ठाऊक हाय मला," ते म्हणाले.

आप्पा दोन पावलं पुढे आले. "तुला... ठाऊक व्हतं, दादा?"

"पयल्याच पाखराच्या पंखात गाठ घावली. शाबूत. ती गाठ तुला शिकवली कुणी? मीच न्हवं?" काकांचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, ते हसत होते. "आन तू, लेका, पाखराच्या बाबतीत चूक करनार व्हय? तूच धाडलंस म्हनून तर घशाखाली उतरलं."

आप्पांनी त्यांना मिठी मारली. काठी खाली पडली. दोघेही पोरांसारखे रडायला लागले, मग काकू, मग आई, आणि मग सगळा मांडव डोळे पुसायला लागला. असा भाऊ पाहिजे, असं प्रेम पाहिजे, असं म्हातारी माणसं एकमेकांना सांगायला लागली.

माझ्या डोळ्यांतही पाणी होतं. लोकांना वाटलं, तेच.

पहिल्याच पाखराला कळलं होतं. म्हणजे आप्पांनी सगळी सोडून जी चूक रचली, ती कुणाला फसवूच शकली नव्हती. एकदोन सोडली असती तरी काकांनी ती भावाची म्हणूनच खाल्ली असती. आणि तीही सोडायची गरज नव्हती. दोघांपैकी एकानं तोंड उघडून एक शब्द बोलायचा होता. तो बोलायला लाज वाटली, म्हणून माझी काजळी काड्या टाकून जुन्या छपरावर गेली, घर म्हणून गेली, आणि तिथं पातेल्यात पडली. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला आणि पाखरांना.

"मालन," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "आता तरी वाक की, पोरी. काकांच्या पाया पड."

मी वाकले नाही. दोघांच्याही पुढे नाही. तशीच वळले आणि पाठवणीच्या गाडीत जाऊन बसले. पंगतीतलं कुणीतरी म्हणालं, पोरगी भारी तापट आहे, सासरी कसं व्हायचं.

आहेच तापट. अजून आहे.